मुहूर्ताचा खोका

“गहू! ओ काका, खोक्यातनं गहू निघालं, गहू!”

दसऱ्याची दुपार होती. दुकानात मुंगीला पाय ठेवायला जागा नाही, आणि संतोष खांद्यावर खोका घेऊन ओरडत आत शिरला. त्याचा आवाज असा की भिंतीवरचे चाळीस टीव्ही एकदम मुके झाले. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, अंगात नवा कुर्ता, आणि पायरीपासून काउंटरपर्यंत त्याच्या मागोमाग दाण्यांची एक सरळ ओळ.

“तिकडं मारुंजीत दीडशे माणूस बसलंय. सरपंच आल्यात. सासरा पुढल्या खुर्चीत हाय. समद्यांच्या म्होरं खोका फाडला, तर आत ही पिशवी! सासरा म्हणतो, जावईबापू, खेळाचं दुकान काढलंय का पिठाची गिरण?”

अख्खं दुकान हसलं. मी हसलो नाही. ते गहू माझ्या घरचे होते. लोकवन. बायकोनं निवडून दिलेले.

ते गहू तिथं कसे गेले हे सांगायचं तर आधी आमचा धंदा सांगायला हवा. मी पिंपळे सौदागरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवर उभा राहून म्हातारा झालो. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे वस्तू विकणं. छे! असलेली वस्तू कुणीही विकेल. दुकानात नसलेली वस्तू मागणारा माणूस समोर उभा असताना त्याला ‘नाही’ न म्हणणं, खोटंही न बोलणं, आणि तरी त्याला शेजारच्या दुकानात जाऊ न देणं, ही खरी विद्या. ती मी इतकी शिकलो की माझ्या बायकोनं एकदा घरात साखर आहे का विचारलं, तर मी म्हणालो, “या आठवड्यात अपेक्षित आहे.”

नवी वस्तू बाजारात येते तेव्हा काय होतं? कंपनी जाहिरात करते पोत्यानं आणि माल पाठवते चिमटीनं. टीव्हीला जोडून खेळायचं ते नवं कन्सोल आलं, त्या वर्षी तर चिमटीतही काही नव्हतं. जगात म्हणे चिपांचा दुष्काळ पडला होता. चिप म्हणजे नखाएवढी वस्तू, पण ती नसली की सगळं ठप्प. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. चाकणला तयार गाड्या त्याच नखाएवढ्या वस्तूसाठी मैदानात उभ्या होत्या. लाइन बंद, ओव्हरटाइम बंद, ठेकेदाराकडची माणसं घरी. घराघरात ‘चिप नाय’ हा शब्द मीठ संपल्यासारखा बोलला जात होता. त्यामुळे मी काउंटरवरून “चिप नाही हो” म्हणालो की समोरचा उलट मलाच धीर द्यायचा.

तरी गिऱ्हाईक ते गिऱ्हाईकच. हिंजवडीच्या एका आयटीवाल्यानं मला रोज सकाळी ईमेल पाठवायला सुरुवात केली, आणि चौथ्या दिवसापासून त्याची एक प्रत माझ्या मालकांना, एक स्वतःच्या साहेबांना. दोघांचा एकमेकांशी संबंध काय, हे दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. चाकणचे एक बागाईतदार कांद्याची गोणी घेऊन आले आणि “आधी ही ठेवा, मग बोलू,” म्हणाले. ठेवली. बोललो. यादीत त्यांचं नाव सत्ताविसावंच राहिलं, पण आमच्या घरी पोळ्यापर्यंत भजी झाली. एक जण तीन वेगळ्या शर्टांत येऊन तीन नावं लावून गेला. तिसऱ्या खेपेला मिशीही होती. ती डाव्या बाजूनं सुटायला लागली तेव्हा मीच त्याला डिंक दिला.

एक कबूल करतो. त्या टंचाईत आमच्या धंद्यातल्या काही लोकांनी, ज्याला कन्सोल हवं त्याच्या गळ्यात न खपणारा मिक्सरही बांधला. ‘काही लोकांनी’ असं म्हणतोय. त्यात मी नव्हतो, असं म्हणालेलो नाही.

तर दसरा तोंडावर आला आणि वितरकाचा निरोप आला: तुमच्या दुकानाला एक नग. एक! यादीत साठ नावं. बाकी माल दिवाळीनंतर. आता आमच्याकडे वस्तू नुसती विकत घेत नाहीत, मुहूर्तावर घरात आणतात. दसऱ्याला वस्तू घरात आली पाहिजे, तिला हळदकुंकू लागलं पाहिजे, झेंडूची माळ पडली पाहिजे. दुसऱ्या दिवशी तीच वस्तू आली तर ती नुसती खरेदी. लोक म्हणाले, मशीन मागाहून द्या, पण मुहूर्त चुकवू नका.

मग माझ्या डोक्यातून मुहूर्ताचा खोका निघाला. कंपनीनं काचेच्या कपाटात मांडायला एक रिकामा खोका पाठवला होता, अगदी खऱ्यासारखा. मी ठरवलं, दसऱ्याच्या सकाळी हा खोका टेम्पोतून घरोघर फिरवायचा. तासभर ठेवा, पूजा करा, फोटो काढा, परत द्या. टेम्पो पुढच्या घरी. ज्यांना पटलं अशी तीन घरं निघाली. पण रिकामं काही पुजायचं नाही, हे माझ्या बायकोचं म्हणणं पडलं. म्हणून तिनं साडेचार किलो गहू कापडी पिशवीत घट्ट बांधले, मी चारी बाजूंनी वर्तमानपत्रं कोंबली, वर टेप लावली. वजन खऱ्या मशीनइतकं, आणि हलवलं तरी आवाज नाही. तिन्ही घरी आधीच सांगून ठेवलं: आत धान्य आहे, जड लागेल, उघडू नका.

आता खरा नग कुणाला? इथं मला जरा हळू लिहायला लागेल.

यादीत पहिलं नाव होतं सुजाता गायकवाड यांचं. गायकवाडताई चाकणला वायरिंगच्या कारखान्यात माल तपासायच्या कामाला. वय पंचेचाळीसच्या आसपास, राहायला चिंचवडला. नोंदणी सुरू झाली त्या सकाळी शटर अर्धं वर गेलं होतं तेव्हा त्या वाकून आत आल्या होत्या. मी विचारलं, “मुलासाठी का ताई?”

“माझ्यासाठी.”

“तुम्ही खेळता?”

“गाड्यांच्या शर्यती. दिवसभर गाड्यांच्या वायरी तपासते. चालवायला कुठं मिळते?”

त्यांच्या घरी दसऱ्याला पूजा नसते, पण दिवस त्यांचाही मोठा. धम्मचक्र प्रवर्तन दिन. शिफ्टची नोकरी, वर्षात सलग सुट्टी म्हणून नाही. त्यांनी त्या दिवसाला जोडून दोन दिवस रजा टाकली होती. तीन दिवस फक्त खेळणार. हे सांगताना त्या हसल्या होत्या, आणि नंतर कळलं की त्या सहसा हसत नाहीत.

दुसरं नाव संतोषचं. चाकणजवळच्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा, कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसशॉपला ठेक्यावर होता. चिपांपायी लाइन थांबली आणि हा घरी बसला. सासरा म्हणत होता, पुन्हा ठेकेदाराच्या दारात उभा राहा. यानं हट्टानं मारुंजीत गाळा घेतला, भाड्यानं राहणाऱ्या आयटीच्या पोरांसाठी गेम पार्लर काढलं, उद्घाटन दसऱ्याला धरलं आणि फलकावर छापून टाकलं: ‘नवीन कन्सोल, मुळशी तालुक्यात पहिल्यांदाच!’ फलक छापून झाल्यावर माझ्याकडे आला. आधी नाही, नंतर!

“काका, मशीन न्हाई मिळालं तर मी सासऱ्याला तोंड न्हाई दाखवू शकत. परत प्रेसवर जायला लागंल.”

माझं काळीज पाघळलं. मी गायकवाडताईंना फोन केला आणि सांगितलं, “ताई, कंपनीच्या यादीत तुमचा नंबर दुसरा लागलाय. नग एकच आहे.”

कंपनीची यादी वगैरे काही नव्हतं. यादी माझीच, हाताने लिहिलेली.

पलीकडून, “बरं.”

मनाला टोचत होतं म्हणून मी मुहूर्ताच्या खोक्याचं सांगितलं. “तुमचा दिवसही मोठा आहे. तासभर टेबलावर ठेवा, फोटो काढा.”

“रिकाम्या खोक्याचा?”

“रिकामा नाही ताई, गहू आहेत.”

“बरं,” त्या पुन्हा म्हणाल्या. मी त्यांचं घर टेम्पोच्या फेरीत तिसरं, म्हणजे शेवटचं घातलं, आणि आपण फार भलं केलं असं स्वतःला वाटू दिलं.

दसऱ्याच्या पहाटे दोन्ही खोके शेजारी शेजारी. जुळी भावंडंसुद्धा इतकी सारखी नसतात. गोंधळ नको म्हणून मी गव्हाच्या खोक्याला कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावलं. टिळा असेल तो गव्हाचा, साधी खूण. आणि चहा प्यायला गेलो.

तेवढ्यात शेठ आले, आमचे मालक. देवभोळा माणूस. त्यांनी आरती केली आणि ताम्हन हातात घेऊन दुकानातल्या एकूण एक वस्तूला टिळा लावला. फ्रीजला, मिक्सरला, वायरच्या भेंडोळ्याला, बिल काढायच्या कॉम्प्युटरला. मी परत आलो तेव्हा संतोष फेटा बांधून दारात, टेम्पोवाले रफीकभाई हॉर्न वाजवतायत, आणि शेठ अजून ताम्हन घेऊन दुकानाच्या मागच्या टोकाला. मी समोरच्या खोक्यावर टिळा पाहिला आणि तो रफीकभाईंच्या हातात दिला. दुसऱ्याकडे बघितलंच नाही. तो संतोषला.

दुपारी काउंटरवर गहू पाहिले, मान वर केली, तर समोरचे सगळे फ्रीज कपाळाला कुंकू लावून माझ्याकडे बघत होते. खरं मशीन सकाळपासून घरोघर पूजा घेत फिरत होतं.

“शेठ, तुम्ही सगळ्यांना टिळा लावलात?”

“मग? दसऱ्याला एकालाच लावू? बाकीच्यांनी काय पाप केलंय?”

रफीकभाईंचा नंबर तेवढा पाठ होता, तो संतोषच्या फोनवरून लावला. बंद. तो फोन वर्षातून दोनदा चालतो, आणि हा त्यातला दिवस नव्हता. तिन्ही घरांचे नंबर माझ्या मोबाइलमध्ये आणि मोबाइल सकाळच्या धांदलीत घरीच राहिलेला; बायकोला तो उचलता येतो, त्यातले नंबर शोधता येत नाहीत. दुकानाच्या फोनचा रिसीव्हर आम्ही दसऱ्याला काढूनच ठेवतो, नाहीतर धंदा होत नाही. संतोष म्हणाला, “काका, बसा गाडीवर. सरपंच पाच वाजंपर्यंत थांबतो म्हणाल्यात. त्याच्याम्होरं सासरा काय थांबत न्हाई.”

मी मागे बसलो, अदलाबदलीसाठी गव्हाचा फाटका खोका मांडीवर. संतोषनं मोटरसायकल अशी हाणली की वाटेतले सिग्नल आम्हाला बघून हिरवे होत होते. पिशवीला भोक पडलेलं, गहू सांडत होते. पुढच्या पावसाळ्यानंतर ताथवड्याच्या रस्त्याकडेला पुरुषभर उंचीचा गहू आला होता. रस्तारुंदीत गेला, नाहीतर दाखवला असता.

पहिलं घर आमच्याच पिंपळे सौदागरात, सोसायटीच्या अकराव्या मजल्यावर. काकूंनी दार उघडलं. “खोका? तो कधीच गेला. मी त्याला वाटीभर श्रीखंडही दाखवलं. तुमचा गहू जड आहे हो अगदी!” आणि आपट्याची पानं हातात दिल्याशिवाय सोडेनात.

“उघडून नाही ना पाहिलंत?”

“इश्श! गहू काय पाहायचे?”

दुसरं घर ताथवड्याला. कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी ज्योतिषाकडून बाराला अकरा मिनिटं कमी असतानाचा मुहूर्त काढून आणला होता आणि टेम्पोला तोपर्यंत खाली उभं केलं होतं. “वजन चार किलो सहाशे भरलं,” ते म्हणाले. “तुम्ही साडेचार म्हणाला होता. शंभर ग्रॅम जास्त दिलेत. आवडलं आपल्याला.”

तिथंही आपट्याची पानं. चिंचवडला पोचेपर्यंत माझे खिसे झाड झाले होते.

गायकवाडताईंच्या इमारतीखाली टेम्पो दिसला तेव्हा मी मोटरसायकल थांबायच्या आत उतरलो आणि अर्थातच पडलो. वर गेलो. दार उघडं. पांढऱ्या साडीतल्या गायकवाडताई, खुर्चीत रफीकभाई खिरीची दुसरी वाटी संपवतायत, आणि टेबलावर खोका. खोक्याला दोऱ्यानं बांधलेली लाल चिठ्ठी.

“अरे भाईसाहब, मॅडम सोडतच नाहीत!” रफीकभाई म्हणाले. “मी बोललो, गेहूं आहे. त्या बोलल्या, गेहूंला सिरियल नंबर नसतो.”

कारखान्यात माल तपासणाऱ्या बाईचे डोळे ते. खोका हातात आल्याबरोबर त्यांनी उलटा करून पाहिला होता. कंपनीचं सील शाबूत, तळाला नंबराची पट्टी. काचेच्या कपाटात मांडायच्या खोक्याला अशी पट्टी नसते. त्यांच्या कारखान्यात संशयाचा माल दिसला की त्याला लाल चिठ्ठी बांधतात. चिठ्ठी बांधली की तो माल पुढे सरकत नाही, कुणाच्या बापाला सरकवता येत नाही. दोन कोऱ्या चिठ्ठ्या त्यांच्या पर्समध्ये कायम असत. या चिठ्ठीवर लिहिलं होतं:

वस्तू: कन्सोल. दोष: भरलेला आहे.

“तुम्हाला नऊ वेळा फोन लावला,” त्या म्हणाल्या. “दुकानाचा लागत नाही. मोबाइल कुणी बाई उचलते, म्हणते, ते दुकानात गेलेत, आणि गहू कसे वाटले?”

संतोष पुढे झाला. फेटा सुटलेला, डोळे भरलेले. “ताई, लई उपकार झाले. माझं उद्घाटन हाय. समदी खोळंबल्यात.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे. तीन दिवसांची रजा आणि समोर टेबलावर भरलेला खोका. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलल्या, पण ते मला.

“इथं सही करा. सोडणाऱ्याची सही लागते.”

मी सही केली. अक्षर असं आलं की बँकेत चाललं नसतं. त्यांनी चिठ्ठी सोडली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि खोका संतोषच्या हातात दिला.

साडेचारला मारुंजीत पार्लर सुरू झालं. सरपंच थांबले होते. सासरेही थांबले होते, आणि पहिला डाव त्यांनीच खेळला. सहा वेळा गाडी भिंतीवर घातली, तरी उठेनात. संतोषच्या आईनं उरलेला गहू ताटात ओतून त्यावर कलश मांडला. म्हणाली, “यंत्राच्या आधी धान्य आलं घरात, ह्याच्यापरीस चांगला शकुन कंचा?” पार्लर आज दोन गाळ्यांचं आहे. संतोष पुन्हा प्रेसवर गेला नाही. मी कधी गेलो तर मला फुकट खेळू देतो. मी सासऱ्यांच्या शेजारी बसतो आणि आम्ही दोघं मिळून भिंती पाडतो.

त्या दिवसाची मला आजही कृतज्ञता वाटते. बाजारात ज्या वस्तूसाठी लोक खोट्या मिशा लावत होते, ती तीन घरांत तासतासभर पडून होती. कुणी टेपेला नख लावलं नाही. मी सांगितलं आत गहू आहेत, तर त्यांनी गव्हाला श्रीखंड दाखवलं. काउंटरवर उभा राहून मी आयुष्यभर लोकांना गुंडाळत आलो असं मला वाटायचं. लोक माझ्यावर विश्वास ठेवत होते, हे त्या दिवशी कळलं, आणि जरा उशिराच कळलं.

दिवाळीनंतर माल आला. पहिला नग मी गायकवाडताईंसाठी बाजूला काढला, कुणाचाही टिळा लागू दिला नाही. त्या शिफ्ट संपवून आल्या, कारखान्याच्या गणवेशातच. मी विचारलं, “रजेचं काय केलंत?”

“पडदे धुतले.”

आज खरं सांगून टाकायचं असं ठरवून मी खोका स्वतः उचलून त्यांच्या स्कूटरपर्यंत गेलो. कंपनीची यादी नव्हती, पहिलं नाव तुमचंच होतं, एवढी दोन वाक्यं. पण माझी सवय सरळ बोलायची नाही. म्हणून आधी वळण घेतलं.

“ताई, त्या दिवशी भरलेला खोका तुमच्या घरात होता. तुम्ही ओळखलाही होता. तीन दिवस ठेवून घ्यावा असं एकदाही नाही वाटलं?”

त्यांनी खोका पायांशी नीट बसवला, हेल्मेट घातलं, किल्ली फिरवली.

“तुम्हीच सांगितलं होतं ना, माझा नंबर दुसरा.”